जर्मनीच्या द्राक्षमळ्यांत नव्याने येणाऱ्यांसाठी : करारावर सही करण्यापूर्वी

मी 2009 साली निफाड तालुक्यातून गाइझेनहाइमला शिकायला आले आणि आता बरीच वर्षे राइनहेसन या वाइन-प्रदेशातल्या आल्झायजवळच्या एका गावात राहून वाइनच्या ठोक व्यापारात काम करते आहे. दरवर्षी नाशिक आणि सांगलीकडच्या बागायतदार घरांतली काही मुले-मुली इकडे येतात, आणि त्यांच्याशी बोलताना माझ्या लक्षात येते की जी समजूत मी घेऊन आले होते तीच ती घेऊन येत आहेत : आपण द्राक्षात वाढलो, तेव्हा इथला धंदा आपल्याला लवकर कळेल. द्राक्ष कळते, धंदा कळत नाही. या फरकाची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

सर्वांत आधी हे समजून घ्या की तुम्ही वाढत्या धंद्यात येत नसून आकसणाऱ्या आणि रूप बदलणाऱ्या धंद्यात येत आहात. जर्मनीत सुमारे 1 लाख 3 हजार हेक्टरांवर वाइनची द्राक्षे आहेत. हे क्षेत्र तेरा अधिकृत प्रदेशांत विभागलेले आहे आणि त्यातले जवळजवळ निम्मे राइनहेसन आणि फाल्झ या दोनच प्रदेशांत येते. उत्पादन बऱ्या वर्षी 80 ते 90 लाख हेक्टोलिटर होते. मात्र जर्मन माणूस जेवढी वाइन विकत घेतो, त्यातली निम्म्याहून कमी जर्मन असते. बाकीची इटली, स्पेन, फ्रान्स आणि इतर देशांतून येते. जगातील सर्वांत मोठ्या वाइन-आयातदारांत जर्मनीची गणना होते आणि स्पेनमधून टँकरने येणाऱ्या स्वस्त वाइनशी इथल्या शेतकऱ्याला रोज स्पर्धा करावी लागते. दुकानांतला सरासरी भाव लिटरमागे 4 युरोंच्या आसपास आहे. त्यातून बाटली, बूच, लेबल, वाहतूक, दुकानदाराचा नफा आणि 19 टक्के मूल्यवर्धित कर वजा केल्यावर मळेवाल्याच्या हातात काय उरत असेल, याचा हिशेब बागायतदाराच्या घरातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्यात पिणारे घटत आहेत. माणशी वर्षाला 20 लिटरांच्या थोडी वर वाइन आजही खपते, पण हा आकडा खाली चालला आहे. नियमित वाइन पिणारी पिढी युद्धानंतर जन्मलेल्यांची आहे. ती म्हातारी होत आहे, आणि तिशीतली माणसे आईवडिलांसारखी रोज संध्याकाळी बाटली उघडत नाहीत. आरोग्याची काळजी आणि महागाई ही कारणे आहेतच. माझ्या गावातले वयस्कर मळेवाले याला तात्पुरती मंदी म्हणतात. मला ते पटत नाही. ही पिढीची सवय बदलली आहे आणि ती परत फिरेल असे गृहीत धरून कोणी तुम्हाला सल्ला देत असेल, तर तो मानू नका.

आता माझ्या चुकीविषयी. 2018 च्या वसंतात शेजारच्या गावातला एक मळेवाला निवृत्त होत होता आणि त्याने मला डॉर्नफेल्डर या लाल जातीचा दोन एकरांचा मळा दहा वर्षांच्या खंडाने देऊ केला. खंड अगदी कमी होता. वेली निरोगी होत्या, ओळी सरळ होत्या, आणि मनात असे आले की परदेशात का होईना, आपली बाग होईल. मी सही केली. तेव्हा माझा वास्तव्याचा परवाना कायमचा होता, म्हणून कायद्याची अडचण आली नाही. शिक्षणाच्या परवान्यावर असलेल्यांनी मात्र ध्यानात ठेवावे की वेगळी परवानगी घेतल्याशिवाय त्यांना स्वतःचा व्यवसाय करता येत नाही.

राइनहेसनमध्ये दर्जाच्या वाइनसाठी हेक्टरी 105 हेक्टोलिटरांची कमाल मर्यादा आहे. म्हणजे माझ्या दोन एकरांतून फार तर 8,500 लिटर. शेजाऱ्याच्या तळघरात मजुरी देऊन वाइन करून घ्यायची आणि ती बाटलीत न भरता ठोक व्यापाऱ्याला विकायची, अशी माझी योजना होती. अशा सुट्या वाइनला इथे फासवाइन, म्हणजे पिंपातली वाइन म्हणतात. त्या वर्षी उन्हाळा कडक आणि लांब होता, देशभर पीक भरघोस आले, तळघरे भरली, आणि मला लिटरला 60 सेंटहून कमी भाव मिळाला. पाच हजार युरोंच्या आतल्या त्या रकमेतून फवारणी, भाड्याचा ट्रॅक्टर, तोडणीयंत्राचे भाडे, तळघराची मजुरी आणि शेतकी अपघात-विम्याची सक्तीची वर्गणी यांचा निम्मा खर्चही निघाला नाही. पुढच्या वर्षांत भाव सावरेल या आशेवर मी आणखी चार हंगाम काढले आणि 2023 मध्ये नुकसानभरपाई देऊन करार सोडवला. एकूण तोटा माझ्या तेव्हाच्या वर्षभराच्या निव्वळ पगाराच्या जवळ गेला.

खंड कमी का आहे, हे मी विचारले नव्हते. उत्तर समोर होते. डॉर्नफेल्डर ही जात 1955 साली वाइन्सबर्ग येथे तयार झाली; रेड वाइनची लाट आली तेव्हा तिची लागवड 8 हजार हेक्टरांवर गेली आणि आता ती 7 हजारांच्या खाली आली आहे. लाल जातींचा वाटा 2006 च्या सुमारास 37 टक्क्यांपर्यंत चढून आता 30 टक्क्यांच्या आसपास उतरला आहे. मी ज्या वर्षी सही केली, त्या वर्षीही ही घसरण कोणालाही पाहता येण्यासारखी होती. म्हणून पुन्हा सांगते : स्वस्त मळा दिसला की आधी तो स्वस्त का आहे ते शोधा; त्या जातीच्या फासवाइनचा मागच्या पाच वर्षांचा भाव लिहून काढा; घेणाऱ्या व्यापाऱ्याचा लेखी करार हातात असल्याशिवाय खंडाच्या कागदाला हात लावू नका; आणि दहा वर्षांचा करार तर करूच नका. आज राइनहेसन आणि फाल्झमध्ये मळे आणखी स्वस्त झाले आहेत, मोझेलच्या खड्या उतारांवर काही तुकडे पडीक आहेत, आणि आपल्याच लोकांच्या गटांत ‘युरोपात द्राक्षशेती घ्या’ असे संदेश फिरतात. ते पाठवणाऱ्यांपैकी एकाही व्यक्तीने इथे एक हंगाम काढलेला मी पाहिलेला नाही. आपल्या लोकांत जमिनीची ओढ खोल आहे आणि मी तिला कमी लेखत नाही, परंतु इथे किमान वेतन 2015 मध्ये ताशी 8.50 युरो होते, 2026 मध्ये ते 13.90 युरो झाले आहे, आणि खड्या उतारावर जवळजवळ सगळे काम हातानेच करावे लागते.

मग वाढते काय आहे? पांढऱ्या जातींत ग्राउबुर्गुंडर दोन दशकांत जवळपास दुप्पट झाली आहे आणि वाइसबुर्गुंडरही वाढते आहे, कारण मऊ, कमी आंबट, कोरडी पांढरी वाइन लोकांना हवी आहे. रीसलिंग 24 हजार हेक्टरांच्या आसपास स्थिर आहे आणि जगात ती सर्वाधिक जर्मनीतच पिकते. म्युलर-थुर्गाउ ही 1882 साली गाइझेनहाइममध्येच तयार झालेली जात एके काळी देशात पहिल्या क्रमांकावर होती. तिचे मळे सातत्याने उपटले जात आहेत. तापमान वाढल्यामुळे श्पेटबुर्गुंडर, म्हणजे पिनो न्वार, इथे आता फार चांगली पिकते आणि तिच्या लागवडीत फ्रान्स व अमेरिकेनंतर जर्मनीचा क्रमांक लागतो. त्याच उष्णतेने दुसरीकडे नुकसान केले आहे : गोठलेल्या द्राक्षांपासून होणाऱ्या आइसवाइनसाठी उणे 7 अंश थंडी लागते, आणि 2019 च्या हंगामात ती देशात कुठेच पडली नाही.

आपल्याकडच्या मुलांना सर्वांत जास्त वाव मला दोन ठिकाणी दिसतो. पहिले म्हणजे बुरशीरोधक जाती, ज्यांना इथे सगळे ‘पिवी’ म्हणतात : सुविनिये ग्री, काबेर्ने ब्लां, सोलारिस वगैरे. त्यांचे क्षेत्र अजून एकूण लागवडीच्या फार थोड्या टक्क्यांइतकेच आहे. परंतु 2016 आणि 2021 सारख्या ओल्या वर्षांत डावणी या बुरशीरोगाने केलेला नाश ज्यांनी पाहिला ते आता त्यांच्याकडे वळत आहेत, आणि डावणी-भुरी यांच्याशी लहानपणापासून झगडलेल्या मुलाला हे काम उपजतच समजते. दुसरे म्हणजे अल्कोहोलविरहित वाइन. बाजारातला तिचा हिस्सा लहान आहे, पण वाढतो आहे. निर्वात दाबाखाली कमी तापमानाला अल्कोहोल काढण्याचे तंत्र जाणणारी माणसे तळघरांना हवी आहेत. घरच्यांना ‘वाइन शिकतो’ असे सांगायला संकोच वाटतो, असे मला अनेकांनी सांगितले आहे. हे अन्नतंत्रज्ञान आहे, आणि तसेच सांगावे.

शेतीतला एक फरक मनावर ठसवा. आपल्याकडे वेल विश्रांती घेत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतो. इथे वेल हिवाळ्यात झोपते, छाटणी एकदाच, जानेवारी ते मार्चमध्ये होते, आणि एप्रिलच्या अखेरीस पडणारे गोठलेले दहिवर एका रात्रीत कोवळे फुटवे जाळते. 2024 च्या एप्रिलमध्ये साक्सन आणि झाले-उन्श्ट्रूट या पूर्वेकडच्या प्रदेशांनी ते भोगले. छाटणीच्या हंगामात अनुभव मिळवायला कोणी बोलावले, तर थंडी आहे म्हणून नकार देऊ नका. मळेवाला माणूस पारखतो तो तेव्हाच.

शिक्षणासाठी गाइझेनहाइम हे 1872 पासूनचे केंद्र आहे. तिथला पदवी अभ्यासक्रम जर्मनमध्ये आहे. भाषा अर्धवट घेऊन येऊ नका. नोयश्टाटला शिक्षण आणि प्रत्यक्ष काम एकत्र करता येते, आणि तीन वर्षांचे ‘विन्त्सर’ प्रशिक्षण पगारासह मिळते. पदवीच्या मोहात पडून पुष्कळजण त्याकडे दुर्लक्ष करतात, हे मला चूक वाटते.

लेबल वाचायला पहिल्याच आठवड्यात शिका. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, त्यात लिटरला फार तर 9 ग्रॅम साखर. ‘हाल्बट्रोकन’ 18 पर्यंत. ‘फाइनहेर्ब’ला कायद्यात ठरलेली मर्यादा नाही. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे या पायऱ्या 1971 च्या कायद्याने रसातल्या साखरेवर बांधल्या, आणि थंड काळात, जेव्हा द्राक्ष पिकणेच कठीण होते, तेव्हा त्याला अर्थ होता. 2021 च्या सुधारणेने भर जागेवर दिला आहे : प्रदेश, गाव, मळा, या क्रमाने नाव जितके बारीक तितकी हमी मोठी. ‘गुट्सआपफ्युलुंग’ लिहिले असेल तर वाइन मळेवाल्यानेच बाटलीत भरली आहे. फेसाळ झेक्टवर बाटलीमागे 1.02 युरो कर आहे. कैसरच्या नौदलासाठी तो 1902 साली बसवला होता. नौदल गेले, पण 1933 ते 1939 ही काही वर्षे सोडली तर कर चालूच आहे. साध्या वाइनवर असा कर नाही.

आपले बहुतेक लोक फ्रँकफर्टहून रुडेसहाइम या पर्यटकांच्या गावातल्या गल्लीत जातात, फोटो काढतात, दोन गोड बाटल्या घेतात आणि जर्मन वाइन पाहिली असे समजतात. तुम्ही श्ट्राउसविर्टशाफ्टमध्ये जा. वर्षात जास्तीत जास्त चार महिने, चाळीस आसनांपर्यंत, मळेवाला स्वतःच्या अंगणात स्वतःची वाइन पाजतो, आणि त्या बाकावर जे कळते ते वर्गात कळत नाही. जर्मन माणूस पहिल्या भेटीत मोकळा होत नाही, पण त्याला भाव, उतारा किंवा खर्च विचारलात तर तो खरा आकडा सांगतो. माझ्या अनुभवात हा या लोकांचा सर्वांत मोठा गुण आहे. तोडणीच्या काळात मळ्यांतल्या वाटा बाहेरच्यांना बंद असतात, तेव्हा फिरायला जाऊन घड तोडू नका. चव घेतल्यावर थुंकायला लाजू नका, आणि गाडी चालवण्याचा परवाना नवीन असेल तर पहिली दोन वर्षे गाडी चालवताना रक्तात अल्कोहोल शून्यच लागते. फेडरवाइसर, म्हणजे अजून आंबत असलेला शरदातला रस, घेतलात तर बाटली उभीच ठेवा. तिचे झाकण मुद्दाम सैल असते.

पहिल्या मळ्यावर कामासाठी जाल तेव्हा तळघरातल्या टाक्या किती भरलेल्या आहेत ते पाहा. जुलैत, नवा हंगाम दोन महिन्यांवर आलेला असताना, मागच्या वर्षाची वाइन निम्म्या टाक्यांत तशीच पडून असेल, तर तिथे पगार वेळेवर होतो का हे जुन्या कामगाराला विचारा आणि मगच राहण्याची खोली ठरवा.