ड्रमवरच्या नंबरापासून संशोधनापर्यंत: आरोग्यावरचे मोफत पेपर कसे शोधावेत

रबाळे एमआयडीसीत प्रिंटिंग खात्यात काम करणारे आमचे घणसोलीचे शेजारी एकदा विचारायला आले, "ताई, मशीनच्या आवाजानं कान जातात हे ठाऊक आहे. पण थिनरनंही जातात का?" प्रश्न रास्त होता. यावर जगभर संशोधन झालंय आणि त्यातलं बरंचसं एक पैसा न देता वाचता येतं.

शोधाची सुरुवात ड्रमपासून करा. 'थिनर' किंवा 'केमिकल' टाकून काही हाती लागत नाही, कारण थिनर हे अनेक द्रव्यांचं मिश्रण असतं. ड्रममधल्या मालाची एमएसडीएस, म्हणजे सुरक्षा-माहितीपत्रक, कंपनीत मागा. हल्लीच्या सोळा भागांच्या एमएसडीएसमध्ये तिसऱ्या भागात घटकांची नावं आणि कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक, असतात. टोल्युइनचा 108-88-3, बेंझिनचा 71-43-2. एकाच द्रव्याची नावं चार असतील, नंबर एकच. तो वहीत उतरवून घ्या.

मग पब्मेड उघडा. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ही सूची सर्वांना खुली आहे. पदार्थ, काम आणि त्रास असे तीन शब्द इंग्रजीत टाका: टोल्युइन, ऑक्युपेशनल एक्सपोजर, हिअरिंग लॉस. निकाल आले की फिल्टरमध्ये 'फ्री फुल टेक्स्ट' निवडा, शिवाय 'रिव्ह्यू'सुद्धा. रिव्ह्यू आधी वाचावा असं माझं ठाम मत आहे. सुट्या अभ्यासांत माणूस हरवतो, रिव्ह्यूत त्यांची एकत्र छाननी मिळते. शेजाऱ्यांचं उत्तर तिथेच सापडलं: टोल्युइन आतल्या कानाला इजा करू शकतं, आणि जोडीला गोंगाट असला तर धोका वाढतो.

एखादा पेपर 30-40 डॉलर मागेल. लगेच देऊ नका. पूर्ण शीर्षक गूगल स्कॉलरमध्ये टाकून 'ऑल व्हर्जन्स' पाहा. बऱ्याचदा लेखकाच्या विद्यापीठानं ठेवलेली प्रत मिळते. संगणकावर अनपेवॉल हे एक्स्टेन्शन टाकलंत तर कायदेशीर मोफत प्रत ते स्वतःच शोधतं. तरीही अडलं तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. संशोधकांना आपलं काम वाचलं जावंसं वाटतं.

भारतातल्या कामगारांवरचे अभ्यास हवे असतील तर इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल अँड एन्व्हायर्नमेंटल मेडिसिन पाहा. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या वेबसाइटवर असतात. कॅन्सरची शंका असेल तर आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचे मोनोग्राफ, म्हणजे एकेका विषयावरचे सविस्तर अहवाल, मोफत आहेत. बाहेरच्या हवेचं प्रदूषण 2013 साली तिथे पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत गेलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्यांनी ते पान जरूर वाचावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. नुसता सारांश वाचून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. पेपरमधला 'मेथड्स'चा भाग उघडा. कामगार किती होते? तुलनेला दुसरा गट होता का? हवेतलं प्रमाण अंगावर यंत्र लावून मोजलं की नुसतं विचारून ठरवलं? तिथला पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत त्या द्रव्याचे किती भाग) आकडा आपल्या खात्याच्या मोजणीशी ताडून पाहा. दहा पीपीएम आणि शंभर पीपीएम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेवटी संशोधनाला पैसा कोणी दिला तेही वाचा. अनोळखी मोफत जर्नल असेल तर डीओएजेच्या, म्हणजे पारखून घेतलेल्या मोफत जर्नलांच्या, यादीत आहे का ते तपासा, कारण पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलंही आहेत.

शेजाऱ्यांनी रिव्ह्यूची प्रिंट आणि कॅस नंबरांची यादी डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी दोन्ही कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, लिहून दिली.