'अ‍ॅनिमल फार्म' वाचण्यापूर्वी: रशियन क्रांतीचा अभ्यास मी कोणत्या क्रमाने केला

एम. ए.च्या पहिल्या वर्षी जॉर्ज ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' ही रूपककथा मी दोन बैठकांत वाचून संपवली: मालक जोन्सला हाकलून जनावरे शेत ताब्यात घेतात आणि पुढे डुकरेच त्यांच्यावर राज्य करू लागतात. भाषा सोपी, प्रकरणे दहाच, आणि गोष्ट तर लहान मुलालाही कळावी अशी असल्यामुळे पुस्तक आपल्याला समजले, असे मी धरून चालले होते. परीक्षेत स्नोबॉल या डुकराच्या हकालपट्टीमागचा इतिहास विचारला गेला, तेव्हा नेपोलियन हे सत्ताधारी डुक्कर म्हणजे सोविएत हुकूमशहा स्टालिन, स्नोबॉल म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, जोन्स म्हणजे रशियाचा सम्राट झार, कुत्रे म्हणजे गुप्त पोलीस हा पाठ केलेला तक्ता उतरवण्यापलीकडे मला काही लिहिता आले नाही. तक्त्यात चूक काही नव्हती, पण त्यातून कोण कोणाच्या जागी आहे एवढेच कळते; एखादी गोष्ट केव्हा घडली, का घडली आणि त्या क्षणी दुसरे काय घडू शकले असते, हे कळत नाही. पुढे हेच पुस्तक विद्यार्थ्यांना शिकवण्याची वेळ आली, तेव्हा मी सुमारे तीन आठवडे केवळ इतिहासासाठी ठेवले. हे पुस्तक पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी त्या अभ्यासाचा क्रम येथे मांडत आहे.

मी एक साधी दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर कथेतील प्रकरण आणि त्यातील प्रसंग, उजव्या पानावर रशियातील वर्षे, अशी विभागणी केली आणि पात्रांची नावे वहीत कोठेही लिहायची नाहीत असे ठरवले. प्रसंग आणि वर्ष यांचीच सांगड घालायची असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी मला थांबून कारण शोधावे लागले.

सुरुवातीलाच एक अडचण येते, ती दिनदर्शिकेची. रशियात १९१८ च्या आरंभापर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि विसाव्या शतकात ती आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेपेक्षा १३ दिवस मागे होती. त्यामुळे 'फेब्रुवारी क्रांती' आपल्या हिशेबाने मार्च १९१७ मध्ये झाली, तर लेनिनच्या बोल्शेविक (पुढे कम्युनिस्ट) पक्षाने सत्ता हाती घेतली ती २५ ऑक्टोबरची 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरला येते. नव्या अभ्यासकाने वहीच्या पहिल्याच पानावर ही नोंद करून ठेवावी, म्हणजे दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तरी गोंधळ उडणार नाही.

क्रांतीपूर्वीच्या काळावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. १८६१ मध्ये भूदासांची, म्हणजे जमीनदारांच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांची, मुक्तता झाली, पण जमिनीची किंमत त्यांना पुढे अनेक वर्षे हप्त्यांनी फेडावी लागली. १९०५ च्या जानेवारीत राजवाड्याकडे अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि तीन वर्षांत सैन्य आणि शहरे दोन्ही थकली. एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे. ८ मार्च १९१७ रोजी तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येथील कापड गिरण्यांतील स्त्रिया भाकरीच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरल्या, काही दिवसांत सैनिकांनी गोळी चालवण्यास नकार दिला आणि १५ मार्चला झार निकोलस दुसरा याने सिंहासन सोडले. आता दुसरे प्रकरण पुन्हा वाचावे. तेथे जोन्स जनावरांना खायला घालायला विसरतो, भुकेली गाय कोठाराचे दार शिंगाने फोडते आणि कोणी ठरवले नसताना बंड होते. हा प्रसंग ऑक्टोबरपेक्षा फेब्रुवारीच्या क्रांतीला अधिक जवळचा आहे. दोन क्रांत्यांच्या मधले हंगामी सरकार आणि त्याचा प्रमुख केरेन्स्की कथेत जवळजवळ दिसतच नाहीत. लेनिनलाही स्वतंत्र पात्र नाही; बंडाचे स्वप्न सांगणाऱ्या म्हाताऱ्या मेजर या डुकराच्या भाषणात मार्क्स ऐकू येतो, तर पुढे खुंटावर मांडून ठेवलेल्या त्याच्या कवटीत १९२४ नंतर जतन करून ठेवलेला लेनिनचा देह दिसतो. लेखकाने काय घेतले याबरोबर काय गाळले याचीही नोंद उजव्या पानावर करावी, असा माझा आग्रह राहील.

ज्या ठिकाणी मी सर्वांत जास्त दिवस घालवले, ते ठिकाण दुधाचे. बंड झाल्यानंतर चोवीस तास गाईंची धार काढलेली नसते, म्हणून डुकरे ती काढतात आणि फेसाळ दुधाने पाच बादल्या भरतात. या दुधाचे काय करायचे, असे कोणीतरी विचारते. नेपोलियन बादल्यांपुढे उभा राहून सर्वांना गवताच्या कापणीला पाठवतो आणि संध्याकाळी प्राणी परततात तेव्हा दूध नाहीसे झालेले असते. पहिल्या वाचनात ही ओळ माझ्या नजरेतून निसटली होती. ऑर्वेलने मात्र एका पत्रात दूध आणि सफरचंदे डुकरांनी स्वतःसाठी ठेवून घेतली तोच कथेचा कलाटणीचा बिंदू असल्याचे सांगितले आहे आणि त्यासोबत क्रोनस्टाटचा उल्लेख केला आहे.

क्रोनस्टाट हा पेट्रोग्राडजवळच्या फिनलंडच्या आखातातील बेटावरचा नाविक तळ. १९१७ मध्ये तेथील खलाशी क्रांतीच्या आघाडीवर होते. १९२१ च्या मार्चमध्ये त्याच तळावरील खलाशांनी सोविएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या लोकपरिषदांच्या, निवडणुका नव्याने आणि गुप्त मतदानाने घ्याव्यात, कामगारांना आणि शेतकऱ्यांना भाषणस्वातंत्र्य असावे, अशा मागण्या केल्या. सोविएत सरकारची लाल सेना गोठलेल्या आखातावरून चालत गेली आणि तिने तो उठाव मोडून काढला. त्या वेळी युद्धखात्याची सूत्रे ट्रॉट्स्कीकडे होती. हे कळल्यावर तिसऱ्या प्रकरणातील एका वाक्याकडे माझे लक्ष गेले: दूध आणि सफरचंदे डुकरांनाच मिळावीत याबाबत सर्व डुकरांचे एकमत होते, नेपोलियनचे आणि स्नोबॉलचेसुद्धा. एरवी प्रत्येक बाबतीत भांडणारे हे दोघे येथे एकत्र येतात. स्नोबॉल चांगला आणि नेपोलियन वाईट अशी मांडणी अनेक उत्तरपत्रिकांत आढळते, ती या एका वाक्यापुढे टिकत नाही. बिघाड १९२४ नंतर एका माणसामुळे सुरू झाला नसून सत्ता आणि तिचे लाभ मोजक्यांच्या हाती राहावेत हे सर्वांनी मान्य केले तेव्हाच सुरू झाला, असे लेखकाला म्हणायचे आहे. इतिहास वाचल्याशिवाय हे मला दिसले नसते.

यादवी युद्धाचा भाग तुलनेने सरळ आहे. क्रांतिविरोधी सेनांच्या मदतीला ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, जपान यांचे सैनिक आले होते, ट्रॉट्स्कीने लाल सेना उभी केली होती, आणि कथेतील गोठ्याची लढाई त्याचेच संक्षिप्त रूप आहे.

सत्तासंघर्षाचे पाचवे प्रकरण मात्र सावकाश वाचावे. सभेत स्नोबॉल वक्तृत्वाने बहुमत जिंकतो, पण दोन सभांच्या मधल्या काळात पाठिंबा गोळा करण्यात नेपोलियन अधिक तरबेज आहे, असे कथेत म्हटले आहे. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. हे पद तेव्हा कारकुनी कामाचे समजले जात होते. पण नेमणुका आणि बदल्या त्याच कार्यालयातून होत असल्यामुळे दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात प्रतिनिधी कोण असावेत हे तेथेच ठरू लागले. लेनिनने आजारपणात सांगून लिहवून घेतलेल्या टिपणांत स्टालिनला त्या पदावरून हलवावे असे सुचवले होते, तरी १९२४ च्या जानेवारीत लेनिनच्या मृत्यूनंतर ते अमलात आले नाही. १९२७ मध्ये ट्रॉट्स्कीची पक्षातून हकालपट्टी झाली, १९२९ मध्ये त्याला देशाबाहेर काढले गेले आणि १९४० मध्ये मेक्सिकोत त्याची हत्या झाली. परीक्षेतील ज्या प्रश्नावर मी अडले होते, त्याचे उत्तर या परिच्छेदात आणि पवनचक्कीत आहे: वेगाने औद्योगिकीकरण करण्याचा जो आग्रह विरोधकांचा म्हणून झिडकारला गेला, तोच १९२८ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या रूपाने अधिकृत धोरण झाला, जशी स्नोबॉलने सुचवलेली आणि आपण विरोध केलेली पवनचक्की बांधण्याचे नेपोलियन त्याला हाकलल्यानंतर तिसऱ्याच रविवारी जाहीर करतो.

सातवे प्रकरण वाचताना मन घट्ट करावे लागते. आठवड्याला ४०० अंडी द्यावी लागणार हे कळल्यावर कोंबड्या आढ्यावर बसून अंडी घालतात आणि ती खाली पडून फुटतात. मग त्यांचे दाणे बंद केले जातात आणि नऊ कोंबड्या मरतात. १९२९ नंतर सामूहिक शेतीची सक्ती झाली, तेव्हा असंख्य शेतकऱ्यांनी जनावरे सरकारजमा करण्याऐवजी कापून टाकली. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाच्या खोऱ्यात लाखो माणसे भुकेने मेली, आणि त्या काळातही धान्य परदेशी विकले जात होते. नऊ हा आकडा या पार्श्वभूमीवर वाचला की कथेचा शांत सूर किती भयंकर आहे ते जाणवते. त्याच प्रकरणात प्राणी पुढे येऊन स्नोबॉलशी संगनमत केल्याचे कबूल करतात आणि तेथेच मारले जातात. मॉस्कोतील जाहीर खटले ऑगस्ट १९३६, जानेवारी १९३७ आणि मार्च १९३८ मध्ये झाले. पहिल्या खटल्यातील सर्व १६ आरोपींना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्यांत झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह हे लेनिनचे जुने सहकारी होते. दुष्काळ आणि खटले यांत काही वर्षांचे अंतर असूनही कथेत ते एकापाठोपाठ येतात. घटनांचा कालक्रम आपण बदलला असल्याचे लेखकाने स्वतःच १९४७ च्या युक्रेनी आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितले आहे, त्यामुळे दोन्ही पाने तंतोतंत जुळली नाहीत तर ओढाताण करू नये.

हे सारे ऑर्वेलने केवळ वर्तमानपत्रांतून जाणले नव्हते. स्पेनच्या यादवी युद्धात तो प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला, मे १९३७ मध्ये त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली, आणि ज्या छोट्या डाव्या पक्षाच्या तुकडीत तो होता त्या पक्षालाच स्टालिनधार्जिण्या कम्युनिस्टांच्या दबावामुळे महिन्याभरात फितूर ठरवून बेकायदा करण्यात आल्यामुळे त्याला पत्नीसह देश सोडावा लागला. तो समाजवादी होता आणि अखेरपर्यंत समाजवादीच राहिला. ही गोष्ट क्रांतीच्या स्वप्नाची थट्टा करते असे ज्यांना वाटते, त्यांनी बॉक्सर हा कष्टाळू घोडा आणि क्लोव्हर ही घोडी यांच्याविषयीची पाने पुन्हा वाचावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लेखनाचा काळही लक्षात ठेवावा. १९४१ ते १९४३ या काळात ऑर्वेल बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात काम करत होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीत अनुवाद होऊन प्रसारित होत, आणि तेथे त्याच्या सहकाऱ्यांत मराठी लेखिका वेणू चितळे होत्या. त्याच युद्धात आपल्याकडे अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला. फॅसिझमशी झुंजणाऱ्या सोविएत सैनिकांबद्दलचा आदर मुंबईच्या कामगारवस्तीत जितका खरा होता, तितकाच तो लंडनमध्येही होता. म्हणूनच मित्रराष्ट्राच्या नेत्यावरची ही कथा अनेक प्रकाशकांनी नाकारली आणि नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ मध्ये लिहिलेले पुस्तक ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. छपाईपूर्वी लेखकाने त्यात एक बदल केला, तो मला फार मोलाचा वाटतो. पवनचक्की उडवली जाते तेव्हा नेपोलियनसह सर्व प्राणी जमिनीवर आडवे होतात असे मूळ वाक्य होते. १९४१ मध्ये जर्मन सैन्य जवळ आले असतानाही स्टालिन मॉस्कोतच राहिला होता, त्याच्यावर अन्याय नको, म्हणून ते 'नेपोलियन सोडून सर्व प्राणी' असे करण्यात आले.

शेवटच्या पानावर डुकरे आणि माणसे एका टेबलाशी बसतात, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. ते पान मात्र भांडणावर संपते: पत्ते खेळताना नेपोलियन आणि शेजारचा शेतमालक पिल्किंग्टन एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकतात. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस तेहरानमध्ये स्टालिन, रूझवेल्ट आणि चर्चिल भेटले होते, आणि आता यांचे उत्तम जुळले असा सर्वांचा समज असताना आपल्याला ते सख्य टिकेल असे वाटत नव्हते, असे ऑर्वेलने नंतर लिहिले. माझ्या वहीत दहाव्या प्रकरणासमोरच्या पानावर 'तेहरान, १९४३' एवढीच नोंद आहे. त्याखालची जागा मी कोरी ठेवली आहे, कारण तो पत्त्यांचा डाव लिहिला गेला तेव्हा पुढची वर्षे लेखकासमोरही यायची होती.