टू-स्ट्रोकचं ऑइल सिरिंजने मोजा

नवी टू-स्ट्रोक डर्ट बाईक पांदणीवर काढायच्या घाईत पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजे ओतलं जातं. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा.

मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. गाडीच्या पुस्तिकेत ४०:१ (४० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) लिहिलं असेल तर ५ लिटरला १२५ मिली, म्हणजे अडीच सिरिंजा. कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल. झाकण घट्ट लावून हलवा. थोडे दिवस उभा राहिलेला कॅन ओतण्याआधी पुन्हा हलवायचा.

फवारणीच्या औषधाचं माप मात्र घेऊ नका, घरात तेच आधी हाताशी येतं. आणि कॅनवर पेंटने ‘मिक्स’ लिहा. आमच्याकडे ते एकदा भावाच्या साध्या गाडीत गेलं, धुऱ्यापर्यंत नुसता धूर!

ऑइलची वेगळी टाकी असलेल्या गाडीला हे लागू नाही.