मुलांची खासगी चिठ्ठी हाती लागल्यावर पालकांनी काय करावे

परीक्षा संपल्यावर रद्दीत द्यायच्या वह्या चाळताना, दिवाळीच्या साफसफाईत गादी उचलताना किंवा धुवायला टाकलेल्या कपड्यांचे खिसे तपासताना घडी घातलेला एखादा कागद हाती येतो. तो सहज उघडून पाहिला जातो आणि दोन ओळींतच आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. अशा वेळी मुलाला तत्काळ समोर उभे करून जाब विचारावा किंवा काही पाहिलेच नाही असे समजून कागद परत ठेवावा, हे दोनच मार्ग सुचतात. प्रत्यक्षात त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते: या मजकुरातून कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका दिसतो का? धोका दिसत असेल तर ती चिठ्ठी खासगी राहू शकत नाही, आणि दिसत नसेल तर ती मुळात आपल्यासाठी नव्हती. पुढची प्रत्येक कृती या उत्तरावरून ठरवावी.

त्यासाठी चिठ्ठी शांतपणे बसून आणखी एकदा वाचावी. अक्षर आपल्याच मुलाचे आहे की दुसऱ्या कोणाचे, हे आधी पाहावे, कारण पुष्कळदा ती चिठ्ठी मैत्रिणीने दिलेली असते आणि मदतीची गरज त्या मैत्रिणीला असते. कागदावर तारीख आहे का, मजकूर कोणाला उद्देशून आहे, मागच्या बाजूला काय लिहिले आहे, याकडेही लक्ष द्यावे. एखाद्या गाण्याच्या ओळी, एकांकिकेतील संवाद किंवा स्पर्धेसाठी लिहिलेली कथासुद्धा संदर्भ माहीत नसेल तर भयंकर वाटू शकते. मात्र या एका चिठ्ठीच्या निमित्ताने कपाट उपसणे, मोबाईलचे कुलूप उघडून संदेश वाचणे किंवा धाकट्या भावंडाला हेरगिरीच्या कामाला लावणे कटाक्षाने टाळावे. धोका स्पष्ट दिसत असेल तर मुलाशी थेट बोलणे हाच जवळचा मार्ग आहे. दिसत नसेल तर अशा शोधाला काही कारणच उरत नाही.

‘गणिताच्या सरांचा मला राग येतो’, ‘आई नेहमी दादाचीच बाजू घेते’, ‘हे घर सोडून पळून जावेसे वाटते’ अशी वाक्ये त्या वयात वहीच्या मागच्या पानावर उमटतातच. ‘मी नसले तर कोणालाच फरक पडणार नाही’, ‘आता सहन होत नाही, सगळे संपवायचे आहे’, ‘माझी सायकल बंटीला द्या’ ही वाक्ये वेगळी आहेत. निरवानिरव, निरोप, स्वतःला इजा करण्याचा उल्लेख, आपण इतरांवर ओझे आहोत ही भावना, यांपैकी काहीही आढळले तर मजकूर जुना असल्याची किंवा तो भावनेच्या भरात लिहिल्याची समजूत स्वतःच घालून घेऊ नये. त्याच दिवशी बोलावे, आणि बोलणे होईपर्यंत मुलाला एकटे ठेवू नये.

बोलताना चिठ्ठी वाचल्याचे लपवू नये. ‘सहज विचारते, शाळेत सगळे ठीक आहे ना?’ अशा आडवळणाच्या प्रश्नाला ‘हो, ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते, आणि चिठ्ठी वाचल्याचे नंतर कळले की विश्वासाला तडा जातो. दार लोटून, शेजारी बसून असे म्हणता येईल: ‘बाळा, तुझ्या वहीतला कागद माझ्या हाती आला आणि मी तो वाचला. न विचारता वाचला, त्याचे मला वाईट वाटते. पण वाचून मला तुझी फार काळजी वाटली. तुला मरून जावेसे वाटते का?’ हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, कारण विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरेल अशी भीती वाटते. मानसोपचारतज्ज्ञांचा अनुभव उलट आहे. थेट आणि मायेने विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही; कोंडलेल्या मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. ‘आम्ही तुझ्यासाठी काय कमी केले’ हे वाक्य कितीही ओठांवर आले तरी गिळावे, कारण त्यामुळे मुलाच्या दुःखात अपराधीपणाची भर पडते.

उत्तर ‘हो’ असेल, संदिग्ध असेल किंवा मूल गप्पच राहिले, तर सकाळपर्यंत थांबू नये. केंद्र सरकारची टेली मानस ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास समुपदेशक भेटतात, मराठीतही बोलता येते आणि पालक स्वतःही सल्ला घेऊ शकतात. धोका तातडीचा असेल तर ११२ वर फोन करावा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयात न्यावे. घरातील औषधे आणि शेतकरी कुटुंबात फवारणीची औषधे त्याच दिवशी कुलूपबंद करावीत किंवा घराबाहेर हलवावीत. ही साधी कृती खरोखर जीव वाचवते, कारण टोकाची ऊर्मी अनेकदा थोड्या वेळात ओसरते आणि तेवढा वेळ पार पडावा लागतो. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यावी. खासगी डॉक्टरांचे शुल्क परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुलाने आधीच काही प्रयत्न केल्याचे समजले तरी पोलीस केस होईल या भीतीने उपचार लांबवू नयेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही.

चिठ्ठीतून लैंगिक छळ, धमकी किंवा फोटोंवरून चाललेले ब्लॅकमेल उघड झाले, तर पहिले वाक्य ‘यात तुझी काहीही चूक नाही’ हेच असावे. अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांना पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो, आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. आरोपी नातेवाईक असला तरी प्रकरण घरातल्या घरात मिटवण्याची मुभा कायदा देत नाही. मुलाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवतील, या धास्तीने अनेक कुटुंबे मागे हटतात. त्यांनी हे जाणून घ्यावे की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी घ्यावा आणि त्या वेळी पोलिसांनी गणवेश घालू नये, अशी याच कायद्यात तरतूद आहे. मार्गदर्शनासाठी १०९८ ही बाल हेल्पलाइन आणि ऑनलाइन गुन्ह्यांसाठी सायबर गुन्हे पोर्टल उपलब्ध आहे. अशा प्रसंगी मूळ चिठ्ठी कोरड्या पाकिटात जशीच्या तशी ठेवावी. तिच्यावर खुणा करू नयेत, आणि मोबाईलमधील धमकीचे संदेश पुसू नयेत.

आता राहिली ती चिठ्ठी, जी सापडल्यावर आपल्याकडे सर्वांत जास्त आकांडतांडव होते आणि जिच्यात बहुधा धोका काहीच नसतो: प्रेमाची. चौदा-पंधराव्या वर्षी कोणीतरी आवडणे ही वाढीचीच खूण आहे. अशी चिठ्ठी सापडताच मुलीची शाळा किंवा क्लास बंद करणे, तिला मामाच्या गावी धाडणे, घाईने स्थळे पाहायला लागणे, हे प्रकार आजही घडतात, आणि त्या दोन ओळींच्या कागदापेक्षा या निर्णयांनी तिचे नुकसान कित्येक पटींनी अधिक होते, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. अठराव्या वर्षाआधी तिचे लग्न लावणे हा तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे. चिठ्ठी समवयस्काची असेल आणि तिच्यात जबरदस्तीचा सूर नसेल, तर ती होती तेथे ठेवावी. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मैत्री, शरीराच्या सीमा आणि नकार देण्याचा हक्क यांवर, त्या चिठ्ठीचा उल्लेखही न करता, मोकळेपणी बोलावे. हे बोलणे मुलाशीही तितकेच आवश्यक आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती पॉक्सो कायदा ग्राह्य धरत नाही, हे मुलगे आणि मुली दोघांनाही ठाऊक असावे. लिहिणारी व्यक्ती वयाने बरीच मोठी असेल, ‘कोणाला सांगू नकोस’ असे बजावत असेल किंवा एकटे भेटायला बोलावत असेल, तर मात्र ती साधी प्रेमाची चिठ्ठी समजू नये. त्या बाबतीत धोक्याच्या चिठ्ठीप्रमाणे त्याच दिवशी बोलणे आवश्यक ठरते.

मुलगा मुलग्यावर किंवा मुलगी मुलीवर प्रेम करते असे चिठ्ठीतून उमगले, तर मूल आपण होऊन सांगेपर्यंत वाट पाहावी. हा आजार नाही. तो ‘बरा’ करण्याचा दावा करणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, त्यामुळे तशा कोणाकडेही मुलाला नेऊ नये.

चिठ्ठीविषयी कोणाला सांगावे, हाही नाजूक प्रश्न आहे. जोडीदाराला सांगावे, पण तो हात उगारणारा असेल तर आधी समुपदेशकाशी बोलून घ्यावे. आजी, काका, आत्या यांच्यापर्यंत विषय नेऊ नये, आणि चिठ्ठीचा फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे तर सर्वथा निषिद्ध मानावे. मजकुरावरून दुसऱ्याच्या मुलाला धोका दिसत असेल, तर आपल्या मुलाला आधी सांगून त्या मुलाच्या पालकांशी बोलावे. धोका त्याच्या घरातूनच असेल, तर १०९८ वर कळवावे. शाळेला कळवायचे झाले तर वर्गशिक्षिकेची किंवा शाळेच्या समुपदेशकाची वेळ मागून, स्टाफरूमबाहेर, बंद खोलीत बोलावे.

धोक्याच्या चिठ्ठीवर एकदा बोलणे झाले म्हणजे काम संपले, असे होत नाही. पुढचे काही महिने झोप, भूक, मित्रांमधील येणेजाणे यांवर लक्ष ठेवावे आणि उपचारांच्या तारखा चुकवू नयेत. दीर्घ उदासीनतेनंतर मूल अचानक अगदी शांत झाले किंवा आवडीच्या वस्तू वाटू लागले, तर तो सुधार आहे असे न मानता पुन्हा थेट विचारावे. पोलिसांकडे पुरावा म्हणून द्यायची नसेल, तर चिठ्ठीचे काय करायचे हे मुलालाच ठरवू द्यावे: ती त्याच्या हातात द्यावी, मग त्याने ती ठेवावी किंवा फाडून टाकावी.