कार्बन फायबर आवडतं म्हणून कृत्रिम अवयवांकडे वळताय?

पुण्यात मेकॅनिकल किंवा पॉलिमर करणारी मुलं विचारतात, "सर, इम्प्लांट आणि कृत्रिम अवयवांत शिरायचंय, सुरुवात कुठून करू?" मी आधी उलट विचारतो : शरीराच्या बाहेर की आत? रेझ्युमेवर दोन्ही एका ओळीत मावतात, कामात नाही.

बाहेरचं म्हणजे हात-पाय. धावपटूंच्या पायाला दिसतं ते कार्बनचं पातं सगळ्यांना खुणावतं. रुग्णाला मात्र बहुतेक वेळा बोचतं ते सॉकेट, म्हणजे स्टंप (कापलेल्या अवयवाचा उरलेला भाग) ज्यात बसतो ती वाटी. स्टंपवरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, तो भरून पॉझिटिव्ह, म्हणजे स्टंपची प्लास्टरची प्रतिकृती, काढायचा. गुडघ्याखालचा पाय असेल तर गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध दाब सोसतो, तिथलं प्लास्टर घासायचं. नडगीच्या टोकाला सोसत नाही, तिथे भर घालायची. मग त्यावर पीव्हीए बॅग (प्लास्टिकची पातळ पिशवी), स्टॉकिनेट (विणलेला ताणला जाणारा मोजा), कार्बनचं कापड, वरून दुसरी बॅग, रेझिन आणि व्हॅक्यूम. रेझिन घट्ट व्हायच्या आत हवा निघाली नाही, तर पुढे तडा तिथूनच जातो. हे हाताला कळावं लागतं. म्हणून सराव ग्लास फायबरवर करा : स्वस्त आहे आणि अर्धपारदर्शक असल्याने अडकलेले बुडबुडे दिसतात, काळ्या कार्बनमध्ये ते लपतात. कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये बॉडी बनवणाऱ्यांच्या मागे लागा, फुकट शिकवणी आहे. कार्बन घासताना मास्क हवाच. शिवाय ती धूळ वीजवाहक असते, उघड्या मोटरपासून आणि कॉम्प्युटरपासून लांब घासा.

पायाच्या चाचणीचं मानक आयएसओ १०३२८. त्यात ३० लाख वेळा भार द्यावा लागतो. सेकंदाला एक धरला तरी मशीन महिन्याहून जास्त अडकतं. वेळापत्रक आखताना हे कोणी धरतच नाही.

आतल्या जगात, म्हणजे इम्प्लांटमध्ये, मजबुतीपेक्षा ताठरता छळते. टायटॅनियमच्या मिश्रधातूची ताठरता सुमारे ११० गिगापास्कल, हाडाच्या कठीण थराची साधारण १० ते २०. हाडाला बसवलेली धातूची प्लेटच भार उचलते आणि रिकामं बसलेलं हाड विरळ होत जातं. कार्बन घातलेलं पीक (PEEK) हे पॉलिमर हाडाच्या जवळ येतं, एक्स-रेमध्ये धातूसारखं आड येत नाही. पण आयएसओ १०९९३ च्या जैवसुसंगतता चाचण्या आणि २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम, यांत निम्मी नोकरी कागदांची. कंटाळा येत असेल तर हा रस्ता धरू नका, स्पष्ट सांगतो.

पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पॉलिमरचं मोठं काम चालतं. रुग्णाला पाय बसवून द्यायचा असेल तर मात्र बी.ई. पुरत नाही, प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधार देणाऱ्या उपकरणांची पदवी (मुंबईत हाजी अलीच्या संस्थेत होते) आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

इंटरव्ह्यूला जाताना स्वतः केलेल्या लॅमिनेटचा (कापड आणि रेझिनच्या थरांचा) कापलेला तुकडा खिशात ठेवा. जाणकार आधी त्याची कड बघतात, मग मार्कशीट.