बॅशमध्ये आकड्यापुढचं शून्य सांभाळा

तारखेतून महिना (07, 08 असा) काढून त्यात एक मिळवणारी बॅश या शेलची, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, स्क्रिप्ट जुलैपर्यंत बिनबोभाट चालते आणि ऑगस्ट लागला की अडते. सुरुवातीला शून्य असलेला आकडा बॅश अष्टमान (फक्त 0 ते 7 अंकांच्या) पद्धतीतला धरतो, आणि त्या पद्धतीत 8 हा अंकच नाही. त्याहून घातक म्हणजे $((010 + 1)). इथे एरर येतच नाही, उत्तर 11 ऐवजी मुकाट्याने 9 मिळतं. म्हणून पाया (इथे 10, म्हणजे दशमान) स्वतःच सांगा: $((10#08 + 1)). आकडा व्हेरिएबलमध्ये असेल तर # नंतर डॉलरचं चिन्ह हवंच. व्हेरिएबल पूर्णांक म्हणून जाहीर केलं तरी यातून सुटका नाही. डॅश या दुसऱ्या शेलला मात्र 10# कळत नाही, तिथे पुढचं शून्य आधी कापून टाका. झेडशेल (zsh) हा आणखी एक शेल असा आकडा एरवी दशमानच धरतो, त्यामुळे तिथे नीट चाललेली स्क्रिप्ट बॅशमध्ये पुन्हा तपासा.