बायबलच्या ईश्वरप्रेरणेचा युक्तिवाद भविष्यवाणीच्या आधारे कसा मांडावा

बायबल ईश्वरप्रेरित आहे कारण ते स्वतःच तसे सांगते, या विधानाने सुरुवात करू नये. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील 3:16 हे वचन शास्त्राचा स्वतःविषयीचा दावा सांगते; तो दावा खरा कशावरून, हेच तर समोरच्याला विचारायचे असते. त्यासाठी ज्याचा काळ आणि ज्याचा परिणाम बायबलबाहेरही तपासता येतो असा एकच विषय निवडावा आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. माझ्या मते जुन्या करारातील संदेष्टा यशया याच्या ग्रंथाच्या 49 ते 53 या अध्यायांतील ‘परमेश्वराच्या सेवका’चे वर्णन यासाठी सर्वांत योग्य आहे.

प्रथम काळ निश्चित करावा. 1947 साली मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेत यशयाच्या ग्रंथाची संपूर्ण गुंडाळी सापडली. सुमारे 7 मीटर लांबीची ही गुंडाळी सर्वसाधारणपणे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानली जाते. यशयाचा हा भाग इ. स. पूर्व आठव्या शतकातला की इ. स. पूर्व सहाव्या शतकातील बाबेलच्या बंदिवासातला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. इ. स. पूर्व सहाव्या शतकातील पारसाचा राजा कोरेश याचा नावानिशी उल्लेख (45:1) पुरावा म्हणून पुढे केला की तो वाद लगेच उभा राहतो, त्यामुळे तो मुद्दा बाजूला ठेवणे इष्ट. सेवकाच्या वर्णनाला मात्र त्या वादाची बाधा पोहोचत नाही, कारण उशिरातली उशिराची तारीख स्वीकारली तरी हे शब्द येशूच्या जन्मापूर्वीच लिहिलेले होते, हे ती गुंडाळीच सिद्ध करते.

यानंतर अर्थ पाहावा, आणि तो सुटे वचन घेऊन नव्हे, तर 40 ते 55 हे अध्याय सलग वाचून. 49:3 मध्ये सेवकाला ‘इस्राएल’ म्हटले आहे, आणि अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी यांनी 53 व्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र, असाच अर्थ लावला. हा आक्षेप गंभीर आहे. तो आपण स्वतःहून मांडावा. त्याच्या उत्तरादाखल दाखवावे की लगेच पुढे, 49:5-6 मध्ये, सेवक याकोबाला, म्हणजे इस्राएल लोकांना, देवाकडे परत आणतो आणि 53:8 मध्ये तो लोकांच्या अपराधासाठी ताडन सोसतो; म्हणजे या ठिकाणी सेवक आणि लोक वेगळे दिसतात.

पूर्ततेचे पुरावे पारखताना सर्वाधिक सावधगिरी हवी. आरोपकर्त्यांसमोर येशूचे मौन (53:7 शी जुळणारे) आणि धनवानाच्या कबरेतील त्याचे दफन (53:9 शी जुळणारे) या गोष्टी आपल्याला शुभवर्तमानांतून, म्हणजे नव्या करारातील येशूच्या चरित्रांतूनच कळतात, आणि ती लिहिणाऱ्यांना यशया ठाऊक होता; वर्णन जुळवून लिहिले, असा संशय कोणी घेतला तर तो केवळ श्रद्धेच्या बळावर दूर होणार नाही. रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या काळात ख्रिस्ताला देहदंड झाला, हे मात्र रोमन इतिहासकार टॅसिटसही नोंदवतो. त्याहून भक्कम आधार 49:6 मध्ये आहे: हा सेवक राष्ट्रांना प्रकाश होईल आणि देवाचे तारण पृथ्वीच्या टोकापर्यंत जाईल. वधस्तंभावर मारल्या गेलेल्या एका यहुदी माणसामुळे असंख्य परराष्ट्रीय लोक इस्राएलाच्या देवाची उपासना करू लागले, ही गोष्ट कोणत्याही शुभवर्तमानकाराला लेखणीने घडवून आणता आली नसती. अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात मराठीतून यशया वाचणारी मंडळीसुद्धा त्याच पूर्ततेचा भाग आहे, असे मी मनापासून मानतो.

शेवटी निष्कर्षाची मर्यादा आखून द्यावी. एवढ्यावरून बायबलच्या सहासष्ट पुस्तकांतील प्रत्येक शब्द ईश्वरप्रेरित ठरत नाही. यशयाच्या या भागामागे मानवी दूरदृष्टीपलीकडचे काही आहे, असे मानण्यास सबळ कारण मिळते. पुढची पायरी येशूच्या अधिकाराची आहे. त्याने नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रे यांना देवाचे वचन मानले (लूक 24:44), म्हणून त्याचा अधिकार मान्य झाल्यास जुन्या कराराचा प्रश्न बव्हंशी सुटतो. नव्या करारासाठी प्रेषितांची साक्ष आणि मंडळीने केलेला पुस्तकांचा स्वीकार यांचा विचार वेगळा करावा लागतो. आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. 367 मधील पत्रात आढळते, आणि त्या अभ्यासाची सुरुवात तेथून मागे जात करणे सोयीचे पडते.